डावा खांब मुका झाला

१. पाच कोंब

डोळे मिटू नका. उघडेच ठेवा आणि माझ्याबरोबर चला.

समजा, तुम्ही मुरुमच्या शाळेतून नुकते सुटला आहात. फाल्गुनाचे दिवस आहेत. बाजारपेठ मागं टाकली, कापसाच्या गाड्यांची धूळ खाली बसली, की मैदान लागतं. ऊन कललंय. मैदानाच्या अलीकडच्या टोकाला फुटबॉलचा गोल आहे, नुसत्या बांबूंचा. पलीकडच्या टोकाला दोन जाड, चुना दिलेले खांब आहेत आणि त्यांच्यावर ताणून बांधलेला दोर. मैदानात चिटपाखरू नाही. वारा पडलाय.

तुम्ही त्या पांढऱ्या खांबांजवळ जाता. डाव्या खांबावर, मोठ्या माणसाचं कपाळ येईल इतक्या उंचीवर, चुना तडकलेला दिसतो. त्या तडकेतून पाच कोंब बाहेर आलेले आहेत. तांबूस, ओलसर, टोकाशी मुडपलेले. आत कोंडलेल्या कुणीतरी हात बाहेर काढावा, तसे.

भिण्याआधी एवढं लक्षात घ्या, की हा खांब सागाचा होता. तुमचे आजोबा शाळेत जात होते तेव्हाच तोडलेला, तासलेला, वाळलेला. असल्या लाकडाला पालवी फुटत नाही.

निजामाच्या अमलात मुरुमजवळच्या रस्त्यावर करोडगिरीचा नाका होता. संस्थानाबाहेर जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर तिथं जकात घेत. नाक्यावरचा हैदराबादी जमादार फुटबॉलचा वेडा. संध्याकाळी गावातली पोरं गोळा करायचा आणि चिंध्यांच्या चेंडूवर अनवाणी खेळवायचा. पुढं संस्थान विलीन झालं, नाका उठला. जमादार परत जाताना आपला कातडी चेंडू पोरांना देऊन गेला. पोरांनी नाक्याच्या फाटकाचे दोन सागवानी खांब बैलगाडीत घालून आणले, मैदानात रोवले, आणि नवभारत फुटबॉल क्लब उभा राहिला. पहिल्या सामन्यात उमरग्याच्या संघानं त्यांना इतके गोल मारले, की मोजणारा कंटाळून घरी गेला. मग हळूहळू पाय बसत गेले. जळकोटला हरवलं. कळंबला जाऊन चांदीची ढाल जिंकली.

ती ढाल आणली सोमलिंगच्या हातांनी. सोमलिंग क्लबचा गोलकीपर. सामना सुरू व्हायच्या आधी तो तळहातांना माती चोळायचा, डाव्या खांबाला कपाळ टेकवायचा, मगच गोलात उभा राहायचा. गेल्या उन्हाळ्यात, साध्या सरावाच्या खेळात, चेंडू अडवायला त्यानं डावीकडं झेप घेतली आणि तेच कपाळ त्याच खांबावर आदळलं. दोन-तीन दिवसांत सोमलिंग गेला.

कोंब फुटले होते ते नेमके तिथंच.

१९५९ साली, होळीच्या आठवड्यात, ही गोष्ट गावभर झाली. क्लबचा कप्तान बलभीम सुतार. अंगानं दांडगा, तोंडानं फटकळ. पण त्या दिवशी तोही खांबापासून दहा हात लांब उभा होता.

"संक्रांतीपासनं ह्यो खांब मुका झालाय," तो जमलेल्या लोकांना म्हणाला. "आधी चेंडू लागला की ठण्ण वाजायचा, पार बाजारात ऐकू जायचं. आता नुसतं धप्प. कुणीतरी चेंडू पोटाशी धरल्यावानी."

"कोण धरतंय ते सांगायला पायजे का?" एक पोरगा पुटपुटला.

गुरुसिद्धप्पा आडते पुढं आले. कापसाचे मोठे व्यापारी, आणि मैदानावर त्यांचा फार दिवसांचा डोळा. "हे बघा, झालं ते झालं. उपटा तो खांब अन् टाका होळीत. खेळ बंद करा. पोरं बी वाचतील, अन् माझ्या गाड्यांना जागा बी होईल."

एरवी क्लबच्या पोरांनी त्यांना उभं केलं नसतं. आज त्यांनीच माना डोलावल्या. होळीला खांब जाळायचा आणि क्लब मोडायचा, असं ठरलं.

२. आत कुणीतरी आहे

मुलींच्या शाळेत अनसूयाबाई शिकवायच्या. मूळच्या तुळजापूरच्या. त्यांचं एक वाक्य मुलींना पाठ होतं: "आधी बघू, मग भिऊ." पालीपासून परीक्षेपर्यंत सगळ्याला बाईंचं हेच औषध.

शाळा सुटली तरी एक मुलगी बाकावरून उठेना. सोमलिंगची धाकटी बहीण, महानंदा.

"बाई, झाडात माणूस राहतंय का?"

"कोण माणूस?"

"माझा अण्णा." तिनं दप्तर घट्ट धरलं होतं. "त्या खांबात हाय त्यो. म्या रोज जाते. अव्वाला ठावं न्हाय, तिनं मैदानात जायचं न्हाय म्हणलंय. बाई, त्याला होळीत जाळणार हायत. आमच्यात जाळत न्हाईत, पुरत्यात. अण्णाला नीट बसवून, इभूत लावून पुरलंय. आता जाळलं तर त्यो कुठं जाईल?"

बाई हसल्या नाहीत. भूत नसतं, असंही म्हणाल्या नाहीत. भ्यालेल्या मुलाला आधी विचारावं, मग सांगावं.

"तो खांबात आहे, हे तुला कसं कळलं?"

"ऐकू येतंय."

बाईंनी खुंटीवरची छत्री घेतली. "चल, आधी बघू."

दोघी मैदानात पोचल्या तेव्हा सूर्य बुडत होता. खांबांच्या सावल्या लांब होऊन बाजाराकडं गेल्या होत्या. महानंदानं सवयीनं डाव्या खांबाला कान लावला, डोळे मिटले, आणि बोटानं खूण केली.

बाईंनी पदर सावरून कान टेकवला. चुना गार होता. आधी काहीच नव्हतं. मग आतून, अगदी जवळून, आवाज आला. कर्र. कर्र. थांबला. पुन्हा, जणू कुणी नखानं दार खरवडतंय, तसा. कर्र.

अनसूयाबाई झटक्यात मागं सरल्या.

३. रंगवलेली खापरी

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी बलभीमला मैदानात बोलावलं.

"क्लबात येता का काय बाई?" तो लांबूनच ओरडला. "गोलकीपर पायजेच हाय. तिथं उभं राहायला कुणी बाप्या तयार न्हाय."

"ये इकडं. उजव्या खांबाचा चुना बघ, अन् डाव्याचा बघ."

उजव्याचा चुना दसऱ्याच्या वेळचा. दरवर्षी खंडेनवमीला क्लब चेंडूची पूजा करी आणि खांबांना चुना देई. आता तो धुळीनं मळून गेला होता. डाव्याचा मात्र पांढराशुभ्र, जाड, आणि पापुद्रे धरून सुटणारा.

"व्हय की," बलभीम डोकं खाजवत म्हणाला. "पण आमी पुन्हा दिला न्हाय."

बाईंनी छत्रीचं टोक बुंध्याशी टोचलं. उजवीकडं छत्री वाकली, जमीन इतकी दगड झाली होती. डावीकडं ती सहज आत गेली. बाई खाली बसून माती उकरू लागल्या. थोड्या वेळानं त्यांच्या हाताला मडक्याचा एक तुकडा लागला. त्याच्यावर चुन्याचे ठिपके होते आणि तांबड्या कावेचा पट्टा.

बलभीमचा चेहरा उतरला. "हे आंबिलाचं बिंदगं. येळवशीला रंगवत्यात ते."

येळवस म्हणजे वेळाअमावस्या. त्या दिवशी धाराशिवच्या त्या भागात घराला कडी घालून सगळं गाव शेतात जातं. भज्जी, बाजरीचे उंडे आणि रंगवलेल्या बिंदग्यातली ताकाची आंबील. गल्लीगल्लीत शुकशुकाट असतो.

"म्हणजे येळवशीच्या दिवशी इथं कुणीतरी खणलं," बाई म्हणाल्या. "गाव रिकामं असताना, भर दुपारी. आणि संक्रांतीच्या सुमारास खांब मुका झाला. येळवस संक्रांतीच्या थोडी आधीच येते ना?"

बलभीमला भर दुपारचं ऐकून जास्तच भीती वाटली. तो मागं सरकला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "आंबील सोमलिंगला लई आवडायची."

४. अंगणातलं लाकूड

शांताक्का, म्हणजे सोमलिंगची आई, महानंदाची अव्वा, जात्यावर ज्वारी दळत होत्या. बाईंना बघून त्यांनी हात थांबवला आणि अंगणातल्या भिंतीकडं बोट केलं. तिथं एक शेणानं सारवलेलं लांब लाकूड आडवं टाकलेलं होतं. "बसा बाई. पोरीनं काय केलं?"

"पोर गुणी आहे. मी मैदानाचं विचारायला आले."

शांताक्कांचा चेहरा दगडासारखा झाला. "त्या मैदानाचं नाव ह्या घरात काढायचं न्हाय."

"तुम्ही क्लबला शाप दिला होता म्हणतात."

"दिला. चारचौघांत दिला. त्याआधी हात बी जोडले होते. बलभीमला म्हणलं, बाबा, ते खांब काढा, दुसऱ्या कुणाचं लेकरू फुटायचं त्याच्यावर. तर म्हणला, अक्का, अस्सल सागवान हाय, आमची नातवंडं खेळतील. ढालीपेक्षा त्यास्नी त्या खांबांचाच ताठा!"

"येळवशीला तुम्ही शेतात गेला होतात?"

"दुखवट्याचं वरीस. कुठली येळवस? पोरीला मामाच्या शेताला धाडलं, म्या घरीच."

"एकट्याच?"

जात्याचा खुंटा पुन्हा फिरू लागला. घरघर इतकी वाढली, की पुढचं बोलणं ऐकू येणंच शक्य नव्हतं.

बाई उठल्या. उठताना कमरेचा किल्ल्यांचा जुडगा त्या लाकडावर आपटला. ठण्ण.

शांताक्कांचा हात थबकला. क्षणभरच.

वाटेत महानंदानं बाईंचं निळं लुगडं मागून झटकलं. "बाई, पीठ लागलंय."

बाईंनी ती पांढरी भुकटी चिमटीत धरली, चोळली, जिभेच्या टोकाला लावली आणि लगेच थुंकली.

५. पानमळ्यात

गुरुसिद्धप्पांचा पानमळा गावाबाहेर ओढ्याकाठी होता. नागवेलीच्या पानांनी आत इतका अंधार होता, की उन्हातून आलेल्या माणसाला विहिरीत उतरल्यासारखं वाटावं. वेली उंच सरळ झाडांवर चढवलेल्या होत्या. ओळीतून चालताना पानं आपोआप हलत होती आणि कुणीतरी आपल्या मागून येतंय असं वाटत होतं.

खरंच कुणीतरी येत होतं.

"भूत शोधायला माझ्या मळ्यात?" गुरुसिद्धप्पा हसत म्हणाले. "बाई, भूत माझ्या फायद्याचं हाय, हे खरं. पण म्या आणलेलं न्हाय. उलट सागवान जाळायचं म्हणून माझा जीव हळहळतोय. दाराच्या चौकटीला सोनं झालं असतं."

"या वेली कशावर चढवल्यात?"

"शेवगा, पांगारा. फांदी खोचली की जगती."

"आणि इथं बांबू का?"

ओळीत एका जागी जाड बुंधा जमिनीलगत कापलेला होता. शेजारी बांबू रोवून पोरका वेल त्याला बांधला होता. गुरुसिद्धप्पांनी हाक मारली. वेलींतून एक तरुण बाहेर आला. मळा सांभाळणारा शिवशरण. हा गेल्या उन्हाळ्यापर्यंत क्लबचा सगळ्यात तेज खेळाडू. सोमलिंगनं शेवटची झेप घेतली होती ती यानं मारलेल्या चेंडूवर. त्यानंतर शिवशरणनं चेंडूला पाय लावला नव्हता.

"इथला पांगारा काय झाला रे?" बाईंनी विचारलं.

"वाळवी लागली, बाई."

"आँ?" गुरुसिद्धप्पा उसळले. "मला म्हणलास वाऱ्यानं पडला! अन् ओल्या झाडाला कुठली आलीय वाळवी?"

शिवशरण खाली बघू लागला. "म्या खेळ सोडलाय बाई. त्या मैदानात म्या पाय ठेवत न्हाय."

"मग येळवशीच्या दुपारी," बाई शांतपणे म्हणाल्या, "तिथं कोण होतं?"

शिवशरणच्या हातातला कोयता खाली पडला. तो उचलायलाही वाकला नाही. वेलींत शिरला आणि दिसेनासा झाला.

६. होळी

होळीच्या दिवशी ऊन उतरू लागलं, तेव्हा मैदानाच्या मधोमध गोवऱ्या आणि लाकडं रचली होती. सगळं गाव आलं होतं, पण डाव्या खांबाजवळ कुणी जात नव्हतं. तिथं एकटी महानंदा होती. तिनं खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. बलभीम कुऱ्हाड घेऊन अवघडून उभा होता.

"पोरी, बाजूला हो."

"न्हाय!"

अनसूयाबाई गर्दीतून पुढं आल्या. त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला, महानंदाच्या डोक्याच्या वर खांबाला टेकवला आणि अंगठ्यानं दाबला. आकडा लोण्यात जावा तसा आत गेला.

"बलभीम, तू सुतार. सागात आकडा जातो?"

"आकडा? खिळा वाकतो, बाई."

"मग पटाशी घे, अन् आवाज येतो तिथं जरा उघड."

बलभीमनं भीत भीत पटाशी मारली. मऊ ढलपी निघाली, आणि आतून बोटाएवढी पांढरी गुबगुबीत अळी मातीत पडून वळवळली. महानंदा वाकून बघू लागली.

"ही कर्र कर्र करत होती. ओल्या पांगाऱ्याची साल अन् गाभा खाते," बाई तिला म्हणाल्या. "हा साग नाही. हा पांगारा आहे. जिवंत तोडून आणलेला, वर जाड चुना दिलेला. मऊ लाकूड म्हणून वाजत नाही. ओला म्हणून चुना सुटतो. अन् हे कोंब बघ. इथं याची फांदी छाटली होती, तिच्या डोळ्यांतून फुटलेत. कपाळाच्या उंचीला आले, हा निव्वळ योगायोग."

"म्हंजे चोरी!" गुरुसिद्धप्पा ओरडले. "सागवान चोरलं अन् माझा पांगारा लावला!"

"मलाही तसंच वाटलं," बाई म्हणाल्या. "पण जरा हात फिरवून बघा. पांगाऱ्याला काळे काटे असतात. इथं एकही नाही. वरपासून खालपर्यंत एकेक काटा तासलाय, खरवडलाय, गुळगुळीत केलाय. चोर एवढी माया करत नाही. अन् चोराला सरळ बाभूळ चालली असती, लिंब चालला असता. कुणीतरी मुद्दाम गावातलं सगळ्यात मऊ लाकूड निवडलं. मुलांनो, या खांबावर कुणाचं डोकं आपटलं, तर काय होईल?"

उत्तर सगळ्यांना आलं होतं.

"हे कुणी केलं ते मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "ते सांगायचं की नाही, हे ज्यानं केलं त्यानं ठरवावं."

गर्दीच्या मागून शांताक्का पुढं आल्या. साऱ्या वर्षात पहिल्यांदा त्यांनी त्या मैदानात पाय ठेवला होता.

"म्याच केलं. शाप दिला त्याच तोंडानं तुमच्याशी गोड बोलायचं कसं? अन् तुमी ऐकलं तरी असतं का? म्हणून शिवशरणकडं गेले. म्हणलं, बाबा, गावात कुणी नसतंय तवा करू."

शिवशरण मैदानाच्या कडेला उभा होता. "दिवसभर काटे काढत बसलो, अक्का अन् म्या. अक्कानं आंबील आणली होती, सोमलिंगच्या नावानं शिंपडायला. माझ्या हातनं बिंदगं फुटलं. उजवा खांब पुढच्या येळवशीला बदलणार होतो." मग तो कप्तानाकडं वळला. "चेंडू म्या मारला होता, बलभीम."

बलभीमनं कुऱ्हाड खाली टाकली. "अक्का, तवा तुमचं ऐकलं न्हाय," एवढंच तो म्हणाला.

महानंदा आईकडं बघत होती. "अव्वा, मंग अण्णा ह्याच्यात न्हाय?"

"न्हाय गं बाई. अण्णा आपल्या मळ्यात हाय, बसवलाय तिथंच."

"मग होळीत घालायचं काय आता?" गुरुसिद्धप्पा कुरकुरले.

"माझ्या अंगणात भिंतीकडंला पडलंय ते घाला," शांताक्का म्हणाल्या. "बाई त्याच्यावर बसून गेल्यात. वरनं सारवलं, तरी भेगांतला चुना त्यांच्या लुगड्याला लागलाच."

पोरं धावली. नाक्याचा तो सागवानी खांब खांद्यावरून आला. जमादाराच्या काळातला, ढाल बघितलेला, सोमलिंगला बघितलेला. होळीवर ठेवताना तो एकदा वाजला, ठण्ण. मग पेटला. गुरुसिद्धप्पा ज्वाळांकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "उजव्यासाठी माझ्या मळ्यातला अजून एक न्या. पण आता विचारून न्या."

भीती मात्र एवढ्यानं जात नाही. बलभीमनं चेंडू आणला, मैदानात ठेवला, आणि विचारलं, "गोलात कोण?"

पोरं एकमेकांकडं बघू लागली. अळी बघितली होती, कारण कळलं होतं, तरी त्या पाच कोंबांखाली उभं राहायला एकाचंही पाऊल उचलेना. शिवशरण चेंडूपासून चार पावलांवर खिळल्यासारखा उभा होता. गोल रिकामा होता. आणि रिकाम्या गोलाचा क्लब फार दिवस टिकत नसतो.

तेव्हा महानंदानं परकर वर खोचला. खाली बसून मूठभर माती घेतली आणि दोन्ही तळहातांना चोळली. डाव्या खांबाजवळ गेली. तिचं कपाळ कोंबांपर्यंत पोचत नव्हतं, म्हणून ती टाचा उंचावून उभी राहिली, कपाळ खांबावर टेकवलं, आणि मग जरा मागं होऊन हलकेच आपटलं. धप्प.

"अव्वा, लागत न्हाय!" ती ओरडली.

मग ती गोलाच्या मधोमध येऊन उभी राहिली, हात पसरले आणि शिवशरणला म्हणाली, "मार की."